माईकबाईचा बायोडेटा

बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, काचेची एक खोली होती. एक टेबल, एक खुर्ची, कुरकुरणारा पंखा, भिंतीवर टाचलेलं वेळापत्रक आणि मान वाकवून बसलेला माईक. त्या माईकमागे अठरा वर्षं एकच बाई बसत असे. खालच्या गर्दीतला प्रत्येक जण तिचा आवाज ओळखायचा, पण ती बाजारात शेजारून गेली असती तर एकाही प्रवाशाने वळून पाहिलं नसतं. चालक, वाहक, हमाल, कँटीनवाले, सगळे तिला माईकबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

मग त्या खोलीत घोषणा करणारं एक यंत्र आलं. त्याला चहा लागत नव्हता, रजा लागत नव्हती आणि घसा तर नव्हताच. माईकबाई कंत्राटावर होती. साहेबांनी गुच्छ दिला, दोन शब्द बोलले आणि कंत्राट संपल्याचं सांगितलं. ती गुच्छ घेऊन घरी आली, फुलं पाण्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी कपाटं आवरायला काढली. कपाटं संपली तेव्हा नवऱ्याचा हत्यारांचा डबा आवरला. नवरा नळदुरुस्तीचं काम करायचा. पुढचे कित्येक दिवस त्याला एकही पाना सापडेना.

अशात तिला जाहिरात दिसली. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायला माणसं हवी होती. स्पष्ट उच्चार, शांत डोकं, पाळीत काम करायची तयारी. तिने ती दोनदा मनात वाचली, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली आणि तिच्या अंगात वारं शिरलं. तशीच ती मोरीकडे धावली. नवरा आपल्याच घरच्या बेसिनखाली डोकं घालून बसला होता.

"अहो, ऐकलंत का? ही जाहिरात त्यांनी माझ्यासाठीच दिलीय."

"मग आधी बारा नंबरचा पाना कुठे ठेवलाय ते सांग," बेसिनखालून आवाज आला. पण लगेच डोकंही बाहेर आलं. "वाच परत," तो म्हणाला.

अर्जासोबत बायोडेटा पाठवायचा होता. तो तिने जन्मात लिहिला नव्हता. माईकची नोकरी लागली तेव्हा कोणी काही लिहून मागितलं नव्हतं, फक्त पंधरा गावांची नावं वाचून दाखवायला सांगितली होती. ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकानदाराकडे नमुना तयारच होता. त्याने तिचं नाव घातलं, फोटो चिकटवला आणि गुळगुळीत कागदावर छापून दिला. निळी चौकट, वर एक फूल. तो घेऊन ती थेट नणंदेकडे गेली.

नणंद पुढच्याच गल्लीत राहायची. नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका कचेरीत ती कामाला होती, आणि तिचं काम म्हणजे आलेले अर्ज चाळायचे आणि त्यातले बहुतेक बाजूला सारायचे. बोलण्याची धारही तशीच, म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं कात्री.

कात्रीने चहाचा कप हातात धरून बायोडेटा वाचला. नवराही मागोमाग येऊन दारात उभा राहिला होता.

"छंद, पोहणे," कात्री म्हणाली. "वहिनी, तू तर पाण्याला घाबरतेस."

"ते आधीपासूनच होतं त्यात. दुकानदार म्हणाला, सगळ्यांच्यात असतं."

"मग सगळ्यांचे जातात तिथेच हाही जाईल. आणि हे काय, उंची, वजन, रक्तगट? दादा, वहिनीचं दुसरं लग्न ठरवतोयस का?"

"मला विचारतंय कोण," तो म्हणाला.

कात्री हसली नाही. कप खाली ठेवून तिने कागद वहिनीसमोर सरकवला. "एका अर्जाला मी किती वेळ देते, सांगू? चहाचा एक घोट. तो घशाखाली उतरेपर्यंत काही दिसलं तर ठीक, नाहीतर पुढचा कागद. आता तुझ्यात काय दिसतं? मेहनती, प्रामाणिक, वेळेची पक्की. अगं, सगळेच मेहनती असतात. आळशी माणसाचा अर्ज मी अजून पाहिलेला नाही."

"मग काय लिहू?"

"तू कशी आहेस ते लिहू नकोस. तू काय केलंस ते लिही. त्या खोलीत तू नसतीस तर काय झालं असतं?"

माईकबाईने विचार केला. "काय व्हायचंय? आता मी नाही, तरी गाड्या सुटतातच की. आणि आपणच आपली टिमकी कशी वाजवायची?"

"तुला जमत नसेल तर ज्यांनी तुला ऐकलं त्यांना विचार. शनिवारी मुदत संपतेय. उद्या सकाळी उठून स्टँडवर जा." आणि कात्रीने तो गुळगुळीत कागद चार घड्या करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. माईकबाईला जरा वाईट वाटलं. फूल छान होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर गेली, पण जिना न चढता खालीच उभी राहिली. यंत्र गोड आवाजात चार नंबरच्या फलाटावरची गाडी सुटणार असल्याचं सांगत होतं. ती गाडी केव्हाच फाटकाबाहेर पडली होती. हमालांचा मुकादम हातगाडीवर बसून तंबाखू मळत होता. तिला पाहून त्याचा अंगठा थांबला.

"माईकबाई, तुम्ही खाली कशा? आम्हाला वाटायचं तुमचं घरही वरच आहे."

तिने चाचरत विचारलं. नोकरीसाठी लिहून द्यायचंय, मी इथे नक्की काय केलं ते तुम्हाला काही आठवतं का? आपल्याच कामाबद्दल असं विचारताना तिचे कान गरम झाले. मुकादमाला त्यात वावगं काही वाटलं नाही. तो तंबाखू विसरून सांगायला लागला.

"पूल बंद झाला होता तो परीक्षेचा दिवस घ्या. पोरं नुसती सैरावैरा पळत होती, या फलाटावरून त्या फलाटावर. तुम्ही म्हणालात, ज्यांची परीक्षा आहे त्यांनी फक्त नऊ नंबरवर या, बाकी कुणी येऊ नका. मग कँटीनमध्ये बसलेल्या चालकाला माईकवरून हाक मारलीत आणि रिकामी गाडी लांबच्या रस्त्याने काढायला लावलीत. माझी पुतणी होती त्यात. पेपर सुरू व्हायच्या आत पोचली."

"मी नुसतं बोलले हो."

"मग माईकवर आणखी काय करतात?"

कँटीनच्या बाकावर एक जुना चालक पेपर वाचत होता. मुकादमाने त्यालाही ओढत आणलं. त्याने पेपराची घडी घातली. "गाडी मागे घेताना आम्हाला मागचं दिसत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला वरून दिसायचं. एकदा म्हणालात, सात नंबरची गाडी जागेवर थांबा. आवाज चढवला नव्हतात. पण मी ब्रेक दाबला. उतरून बघतो तर मागच्या चाकाशी एक बाई वाकून चप्पल शोधत होती."

ती पिशवीतल्या किराणाच्या चिठ्ठीच्या पाठीवर भराभरा लिहीत होती. आता कँटीनवाला आला, दोन वाहक आले, वर्तमानपत्रवाला आला. एक जण सांगत असताना दुसरा त्याला तोडत होता. माईकबाईला चिठ्ठी अपुरी पडू लागली. जणू कुणा दुसऱ्याच बाईची गोष्ट चाललीय, आणि ती बाई भलतीच कामाची दिसतेय, असं तिला वाटत होतं.

"आणि पंपाचा दिवस?" मुकादम म्हणाला. "तो लिहिलात की नाही?"

तिचं पेन थांबलं.

पंपाचा दिवस ती विसरली नव्हती, पण त्याचं नाव ती स्वतःहून काढत नसे. डिझेलचा पंप पुढच्या फाटकाला लागून होता. एका दुपारी टँकरची नळी निसटली, डिझेल सांडलं आणि शेजारी उभ्या असलेल्या नादुरुस्त गाडीच्या बॅटरीतून ठिणगी उडाली. वरच्या काचेतून तिला धूर दिसला. खाली फलाटांच्या शेडमध्ये माणूस माणसाला लागलेला, सुट्टीची गर्दी. 'आग' म्हटलं असतं तर सगळे नेहमीच्या सवयीने पुढच्या फाटकाकडे धावले असते, म्हणजे नेमके आगीकडे. साहेब जागेवर नव्हते. तिने बटण दाबलं आणि रोजच्याच आवाजात सांगितलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आज सर्व गाड्या मागच्या मैदानातून सुटतील. सामान उचलून, मुलांचा हात धरून, मागच्या दाराने सावकाश यावे." हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. लोक कपाळाला आठ्या घालून, व्यवस्थेच्या नावाने बोटं मोडत, बॅगा ओढत मागे गेले. शेड रिकामी झाली. बंब आला. आग विझली. कुणाच्या अंगावर ओरखडा नव्हता.

पण मागच्या मैदानातून एकही गाडी सुटली नाही. दोन प्रवाशांनी तक्रार केली की आम्हाला सामानासकट उगाच चालवलं. चौकशी झाली, आणि 'वस्तुस्थितीला धरून नसलेली घोषणा केल्याबद्दल' माईकबाईला लेखी ठपका मिळाला. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल कचेरीने लिहिलेला तो एकुलता एक कागद.

संध्याकाळी ती कात्रीला सगळं सांगत होती. बोलताना हात हलत होते, चहा गार होत होता. पंपाचा दिवस मात्र तिने ओझरता सांगितला आणि पुढे जाऊ लागली. कात्रीने तिला अडवलं.

"थांब. हे सगळ्यात वर लिही."

"वेडी आहेस का? ठपका मिळालाय मला."

"ठपकाही लिही."

"नोकरी मागायला चाललेय की माफी मागायला?"

"वहिनी, आपण झाकायचं आणि त्यांनी उघडायचं, त्यापेक्षा आपणच उघडलेलं बरं. शिवाय तिथे फोनवर काय करायचंय तुला? घाबरलेल्या माणसाला हलवायचंय. तू हजारभर माणसं हलवलीस आणि त्यांना घाबरूही दिलं नाहीस. हे झाकून ठेवणार आणि पोहण्याचा छंद सांगणार?"

नवराही तिथेच बसून ऐकत होता. तो म्हणाला, "त्या कागदावर सही करणाऱ्यालाच विचार. तो काय म्हणतो बघू."

सही करणारे स्थानकप्रमुख आता निवृत्त झाले होते. माईकबाईने त्यांच्या घराचं दार वाजवलं. ते गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. तिला पाहून त्यांनी झारी खाली ठेवली. तिने एका दमात सांगून टाकलं, अर्ज करतेय, त्या दिवसाचं लिहायचंय, ठपक्याचंही लिहायचंय, आणि अर्जाच्या शेवटी, विचारपूस करायला म्हणून, तुमचा नंबर द्यायचाय.

त्यांनी एका कुंडीतलं वाळलेलं पान काढलं. मग म्हणाले, "नियमाने तुमची घोषणा चुकीची होती."

"हो, साहेब."

"मला न कळवता केलीत, तेही चूक."

"तेही खरं."

"मी सही केली, आणि आजही करावी लागली असती तर केली असती. तक्रार आली की उत्तर द्यावं लागतं." त्यांनी हात पुसले. "पण त्या शेडमध्ये माझी बायको होती. माहेरी निघाली होती. माझा नंबर लिहा, बाई. त्यांचा फोन आला तर मी दोन्ही गोष्टी सांगेन."

जिना उतरताना तिला वाटलं, आपण एकेक पायरी न उतरता उडतच चाललोय. रस्त्यातूनच तिने कात्रीला फोन लावला. कात्री कचेरीत होती, कुजबुजत म्हणाली, "छान. आता घरी जा आणि एका पानात बसव."

एका पानात बसवणं हेच खरं काम होतं. माईकबाईने पहिल्यांदा साडेचार पानं लिहिली. त्यात मुकादमाच्या पुतणीला किती गुण मिळाले तेही होतं. कात्रीने लाल पेन घेतलं आणि दोघींची जुंपली. "तत्परतेने" हा शब्द कात्रीने उडवला, तो वहिनीने परत घातला, तो पुन्हा उडाला. "अत्यंत जबाबदारीने" गेलं. "मला संधी दिल्यास मी तिचं सोनं करेन" हे वाक्य माईकबाईला फार आवडलं होतं. कात्री म्हणाली, सोन्याचं दुकान नाहीये ते. शेवटी वाक्यं इतकी बारीक झाली की मोठ्याने वाचली तर घोषणेसारखी वाटू लागली, आणि तिथे माईकबाईला एकदम सूर सापडला. अरे, हे तर आपण रोज करत होतो. कुठली गाडी, कुठला फलाट, काय करायचं. मग तिने पेन स्वतःकडे ओढलं आणि कात्रीला बाजूला बसवलं.

सगळ्यात वर आलं: "इंधनपंपाजवळ आग लागली असता, 'आग' हा शब्द न उच्चारता गर्दीने भरलेली शेड मागच्या दाराने रिकामी केली. कोणी पळाले नाही, कोणाला इजा झाली नाही. वरिष्ठांना न कळवता ही घोषणा केल्याबद्दल मला लेखी ठपका मिळाला आहे." त्याखाली परीक्षेचा दिवस आणि सात नंबरची गाडी. मग शिक्षण, बारावी. येणाऱ्या भाषा. आणि संगणकाच्या रकान्यात, कात्रीच्या मते जरा जास्तच प्रामाणिकपणे: "टायपिंग येते, पण सावकाश. शिकते आहे."

"सावकाश काढून टाक," कात्री म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, आपणच उघडलेलं बरं?"

कात्रीने पहिल्यांदाच लाल पेनाला टोपण लावलं. नवऱ्याने ते बघितलं आणि पुढे आठवडाभर लोकांना सांगत सुटला.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा माईकबाई भाजी चिरत होती. फोन ठेवून ती घरभर फिरली, मग खाली जाऊन एक फेरी मारून आली, मग वर येऊन चिरलेलीच भाजी पुन्हा चिरली.

नियंत्रण कक्ष एका साध्या इमारतीत होता. मुलाखतीला तिघं बसले होते. मध्ये कक्षाच्या प्रमुख बाई, चष्मा कपाळावर ढकललेला. तिचा कागद त्यांच्यासमोर होता आणि पहिल्या ओळींखाली पेन्सिलीची रेघ होती.

"ठपका मिळाल्याचं लोक सहसा लिहीत नाहीत," त्या म्हणाल्या. "पुन्हा तशी वेळ आली तर काय कराल?"

"घोषणा तीच करेन. पण यंत्रणेच्या माणसांना त्याच क्षणी कळवेन. तेव्हा सुचलं नाही. चालकांनाही वाटलं की गाड्या खरंच मागे न्यायच्यात, आणि दोन गाड्या वाटेत आडव्या आल्या. बंबाला त्रास झाला असता."

ही गोष्ट कागदावर नव्हती. प्रमुख बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बंबाचं तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं."

"तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं."

मग त्यांनी तिला शेजारच्या खोलीत नेलं. कानाला हेडफोन लावला, फोन वाजला, आणि पलीकडून एक माणूस किंचाळायला लागला. त्याचे वडील पडले होते, लवकर या, लवकर या. तो कक्षाचाच कर्मचारी आहे आणि ही परीक्षा आहे हे तिला माहीत होतं, तरी तिने खुर्ची पुढे ओढली. तिने श्वास घेतला आणि आवाज खाली नेला. तो जितका चढत गेला तितकी ती सावकाश बोलत गेली.

"मी ऐकतेय. गाडी पाठवायची आहे. तुम्ही कुठे आहात?"

"मला माहीत नाही, मी इथला नाही, पत्ता माहीत नाही मला."

"बरं. खिडकीपाशी जा. काय दिसतंय?"

"पाण्याची टाकी. गोल."

"टाकीवर काही लिहिलंय?"

असं करत तिने त्याला जिन्याखाली नेलं, दुकानाची पाटी वाचून घेतली, शेजाऱ्याला बोलवायला लावलं, वडील श्वास घेतात का ते बघायला लावलं. तो माणूस मध्येच किंचाळायचा विसरला आणि साधा बोलू लागला. फोन संपल्यावर तो पलीकडच्या खोलीतून बाहेर आला. तरुण होता, घामाघूम झालेला. "मी अजून बराच आरडाओरडा करणार होतो," तो म्हणाला. "तुम्ही वेळच दिला नाहीत."

टायपिंगच्या परीक्षेत मात्र ती सपशेल आपटली. कीबोर्डवर तिची बोटं तांदळातले खडे वेचावेत तशी चालली होती. बाहेर आली तेव्हा तिला वाटलं, घास तोंडाशी येऊन गेला.

चार दिवसांनी प्रमुख बाईंचा स्वतःचा फोन आला. "तुमच्या साहेबांशी बोलले," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुमची तक्रारही केली आणि कौतुकही. प्रशिक्षणाला या. पण ते संपेपर्यंत टायपिंगचा वेग आला पाहिजे, त्यात सूट नाही."

माईकबाई "हो" म्हणाली, "नक्की" म्हणाली, "आभारी आहे" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभी राहिली. मग जिन्याच्या कठड्यावर ओणवं होऊन खाली ओरडली, "अहो, वर या." खालच्या मजल्यावर नळ बसवत असलेला नवरा ओल्या हातांनी धावत वर आला, आणि त्या बिऱ्हाडातली म्हातारीही काय झालं म्हणून मागोमाग आली. बातमी जमलेल्या सगळ्यांना सांगून होईपर्यंत खाली नळ गळतच राहिला.

कात्रीने कचेरीतला जुना कीबोर्ड आणून दिला. तो कशालाच जोडलेला नव्हता, तरी माईकबाई स्वयंपाक उरकला की त्यावर बोटं चालवायची. नवरा वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, मुद्दाम भरभर. ती चिडायची, तो आणखी भरभर वाचायचा. प्रशिक्षणात पहिल्या चाचणीत ती सगळ्यांच्या मागे होती, दुसऱ्या चाचणीत मधे आली, शेवटच्या चाचणीत हवा तेवढा वेग जेमतेम गाठला. जेमतेमच, पण गाठला.

पहिल्या पाळीला तिच्याशेजारी एक अनुभवी सहकारीण बसली होती, काही चुकलं तर सावरायला. दुपार टळता टळता एका माणसाचा फोन आला. बायको बाळंत होत होती, आणि दोघं बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकली होती. माईकबाईने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने मान हलवली, तुम्हीच घ्या. तिने पत्ता घेतला, रुग्णवाहिका धाडली, लिफ्टवाल्यांना जोडून घेतलं आणि त्या माणसाशी बोलत राहिली. अंगातला शर्ट काढून खाली पसरा, तिला टेकून बसवा, मी इथेच आहे. लिफ्टचं दार उघडायच्या आधीच बाळाने टाहो फोडला, हेडफोनमधून इतका जोरात की शेजारणीलाही ऐकू गेला. तो माणूस हसत होता की रडत होता, कळायला मार्ग नव्हता. मुलगी आहे, एवढंच तो परत परत सांगत होता. माईकबाईने वेळ टाइप केली. आकडा बरोबर पडला.

पाळी संपल्यावर ती बसने न जाता चालत निघाली. वाटेत संत्री घेतली, पिशवीभर, एवढी घरात कोण खाणार याचा विचार न करता. घरी नवरा आणि कात्री दोघंही वाट बघत बसले होते. तिने दारातूनच सुरुवात केली. लिफ्ट, शर्ट, बाळ, सगळं एकात एक. पिशवी हातातच राहिली.

"अगं, आधी बस," नवरा म्हणाला.

"मुलगी झाली," ती म्हणाली, जणू आपल्याच घरात झाली असावी, आणि बसली. कात्रीने पिशवी घेतली, एक संत्रं सोलून फोडी तिच्या हातावर ठेवल्या आणि विचारलं, "दुपारी काही खाल्लंस की नाही?"

माईकबाईला ते आठवेना.